रिमांड होममधल्या पोराच्या त्रासाची तक्रार कुठे करायची – माझा अनुभव

नाव, गाव काही लिहीत नाहीये, कारण अशा केसमधल्या मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे (कलम 74, बाल न्याय कायदा 2015). आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावरचे, एवढं पुरे.

माझा भाचा 16 वर्षांचा, मोबाईल चोरीच्या केसमध्ये नाव आलं. दाजी बोटीवर, ताईला कागदपत्रातलं काही कळत नाही, म्हणून जामिनाचं रखडलं आणि पोरगं निरीक्षणगृहात, म्हणजे आपण रिमांड होम म्हणतो तिथे. खरं तर या कायद्यात जामीन देणं हाच नियम आहे, गुन्हा अजामीनपात्र असला तरी, पण ते आम्हाला कोण सांगणार.

भेटीला गेलो तर पोरगं "बरा आहे, बरा आहे" एवढंच बोलायचं कारण बाजूला एक कर्मचारी उभा. मग एकदा तो माणूस फोनवर बोलत बाहेर गेला तेवढ्यात हळूच म्हणाला, मावशी, रात्री मोठी पोरं मारतात आणि सरांना सांगितलं तर सर पण मारतात. माझं डोकंच फिरलं.

अधीक्षकांना विचारलं तर म्हणे तक्रारपेटी आहे ना, त्यात टाकू दे की. पेटी होती हो, त्यांच्याच केबिनच्या दाराशी!! आणि किल्ली त्यांच्याच टेबलावर. आता कुठला पोरगा टाकेल त्यात चिठ्ठी? नंतर कळलं की नियमाप्रमाणे पेटी ऑफिसपासून लांब, मुलं राहतात तिथे जवळ हवी आणि किल्ली अधीक्षकांकडे नको, दर आठवड्याला उघडायची.

हे सांगितलं तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीच्या पॅरालीगल, म्हणजे कायद्याच्या कामात लोकांना मदत करणाऱ्या, ताईंनी. मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला वगैरे काही लागत नाही. त्यांनीच सांगितलं की बाल न्याय मंडळाने, म्हणजे जिथे अशा मुलांच्या केस चालतात त्या मंडळाने, दर महिन्याला निदान एकदा अशा ठिकाणी जाऊन बघायचं असतं आणि जिल्ह्याची तपासणी समिती वेगळी असते, तिने तीन महिन्यांतून एकदा यायचं, कमीत कमी तिघे, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर पाहिजेच. कागदावर भारी आहे. पण माझं मत विचाराल तर व्हिजिट आधी कळली की त्या दिवशी चादरी बदलतात, जेवणात उसळ घट्ट होते आणि साहेब लोक चहा पिऊन जातात. मुलांशी एकेकटं, स्टाफला बाहेर काढून बोललं तरच त्या व्हिजिटला अर्थ आहे.

म्हणून अर्जात आम्ही तेच मागितलं. आधी भाच्याला विचारलं, करू का तक्रार, कारण राहायचं त्यालाच होतं तिथे. तो हो म्हणाला. मग मंडळाच्या प्रधान दंडाधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज, त्यात लिहिलं की मुलाशी खाजगीत बोला, डॉक्टरकडून तपासा, पेटीची जागा बदला आणि तक्रार केली म्हणून त्याला त्रास होणार नाही असं बघा. सोबत वकिलांनी जामिनाचा अर्ज पण लावला. एक कॉपी राज्य बालहक्क आयोगाला मुंबईला पोस्टाने पाठवली.

मंडळात एक न्यायाधीश आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातल्या मॅडम स्वतः गेल्या, स्टाफला बाहेर थांबवलं आणि पोरांशी बसून बोलल्या. भाच्यासोबत अजून दोघांनी तोंड उघडलं. अंगावरचे वळ डॉक्टरने लिहून घेतले. त्या कर्मचाऱ्याला तिथून हलवलं, पण गुन्हा अजून दाखल नाही झाला, आणि मुलांवर क्रूरता करणाऱ्या संस्थेच्या कर्मचाऱ्याला कलम 75 खाली 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, म्हणून वकील त्याच्या मागे लागलेत. पोरगं जामिनावर घरी आलंय, केस चालू आहे.

कोणाचं मूल आत असेल तर आधी तालुका कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस विचारा, लहान मुलांसाठी 1098 ही हेल्पलाईन पण आहे. आणि अर्ज द्याल त्याची पोच शिक्क्यासकट घ्या, आमच्याकडे दुसऱ्या तारखेला "असा अर्ज आलाच नाही" म्हणाले होते, शिक्का दाखवला तेव्हा फाईलमधून निघाला.