एक पीसी, चार जणांचे हात

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात हे नेहमी दिसतं. पीसी एकच. सकाळी त्यावर ड्रॉइंग उघडतात, दुपारी जीएसटीचं काम चालतं, संध्याकाळी मालकांचा पोरगा गेम खेळतो. आणि त्याच डेस्कटॉपवर ‘पगार’ नावाची एक्सेल फाइल. ती बाकीच्यांनी बघू नये म्हणून उपाय काय केलेला, तर तिचा फोल्डर हिडन! व्ह्यूमध्ये जाऊन ‘हिडन आयटम्स’वर टिक केली की तो फिकट रंगात समोर हजर.

पहिलं काम फुकटात होतं : प्रत्येकाचं खातं वेगळं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्स, अ‍ॅड अकाउंट असं जा. खातं ‘स्टँडर्ड यूझर’च राहू द्या. घोळ इथंच होतो. सगळ्यांनाच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून ठेवतात, आणि अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा फोल्डर उघडायला ‘कंटिन्यू’ दाबलं की पुरतं. दुसरा घोळ डी ड्राइव्हचा. तिथल्या फाइली वाचायची, बदलायची मुभा मुळातच सगळ्या खात्यांना असते, म्हणून खाजगी फाइल आपल्या खात्याच्या डॉक्युमेंट्समध्येच ठेवा. चहाला उठताना विंडोज की आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा.

पण हा बंदोबस्त विंडोज चालू असेपर्यंतच. पीसी दुरुस्तीला गेला आणि डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर लॉगिनचा पासवर्ड कुणी विचारतच नाही. बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, असेल तर डिस्क वाचता येणार नाही, पण मशीन चालू असताना ते कुलूप सगळ्यांसाठीच उघडं असतं. म्हणून फाइललाच कुलूप हवं.

एक-दोन एक्सेल फाइली असतील तर फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’. एन्क्रिप्ट म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता येणार नाही असं करणं. ‘प्रोटेक्ट शीट’ नव्हे. ते फक्त चुकून कुणी सेल बदलू नये म्हणून असतं. फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारातली असेल तर आधी एक्सएलएसएक्स करून घ्या. ९७-२००३ च्या फाइलीतलं ४० बिटांचं एन्क्रिप्शन आता फुटतं.

अख्खा फोल्डर बंद करायचा तर सेव्हन-झिप, म्हणजे फोल्डरची एकच बांधलेली फाइल करणारा प्रोग्रॅम. फॉरमॅट सेव्हन-झेड निवडा आणि ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर टिक करा. नाहीतर आतली ‘राजीनामा’ ही फाइल उघडणार नाही, पण नाव दिसेल. बाकी काय उरलं मग? झिप फॉरमॅटच हवा असेल तर एन्क्रिप्शनची पद्धत झिपक्रिप्टो ही कच्ची बदलून एईएस-२५६ ही पक्की करा. मूळ फोल्डर शिफ्ट-डिलीटने काढा, नाहीतर तो रीसायकल बिनमध्ये पडून राहतो.

रोज उघडायच्या फाइलींना मात्र झिप गैरसोयीचं. आतली फाइल डबल-क्लिकने उघडली की तिची उघडी प्रत टेम्प फोल्डरमध्ये जाते, आणि मध्येच लाइट गेली तर तिथंच राहू शकते. अशा वेळी व्हेराक्रिप्ट हा एन्क्रिप्शनचा प्रोग्रॅम. ‘क्रिएट व्हॉल्यूम’मधून फाइल कंटेनर बनवा, म्हणजे आत बाकीच्या फाइली ठेवायची एक कुलूपबंद फाइल. ड्रॉइंग आणि कोटेशनं असतील तर ५ जीबीपासून सुरुवात करा, कारण आकार नंतर सहज वाढत नाही. ४ जीबीपेक्षा मोठी एखादी फाइल ठेवायची असेल तर फाइल सिस्टिम फॅट नको, एनटीएफएस घ्या. माउस फिरवायला सांगतं तेव्हा पट्टी भरेपर्यंत फिरवा. मग पासवर्ड देऊन कंटेनर माउंट केला, म्हणजे उघडला, की वेगळा ड्राइव्ह दिसतो. काम झालं की डिसमाउंट (नव्या आवृत्तीत ‘अनमाउंट’) करा. विसरलात तर मशीनवर बसणाऱ्याला तो ड्राइव्ह उघडाच मिळतो.

पासवर्डात एमएच ०९ आणि गाडीचा नंबर, किंवा रंकाळा आणि १२३, हे गल्लीतलं पोरगंही ओळखेल. पाच-सहा असंबद्ध शब्दांची ओळ घ्या. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर टिंबांमागे भलतंच टाइप होतं. बरोबर पासवर्ड चालत नसेल तर आधी विंडोज की आणि स्पेस दाबून भाषा बघा. पासवर्ड खरंच विसरलात तर व्हेराक्रिप्टमध्ये ‘फरगॉट पासवर्ड’ हा प्रकारच नाही.

आणि अ‍ॅडमिनवरच भरवसा नसेल तर त्या मशीनवर खाजगी काही ठेवूच नका. कीलॉगर, म्हणजे दाबलेली प्रत्येक की टिपणारा प्रोग्रॅम, बसवला असेल तर कितीही लांब पासवर्ड त्याच्या हातात जातो.

कंटेनर ही एकच फाइल, बिघडली तर सगळं गेलं. दुसरी प्रत वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ आणि २०२१ चा महापूर शाहूपुरीकरांना सांगायला नको. प्रत गूगल ड्राइव्हवर जाणार असेल तर व्हेराक्रिप्टच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘प्रिझर्व्ह मॉडिफिकेशन टाइमस्टॅम्प’वरची टिक काढा. ती असेपर्यंत कंटेनरची तारीख बदलत नाही, त्यामुळे ड्राइव्हला बदल कळत नाही आणि वर जुनीच प्रत राहते.