आमची वाटचाल : नैरोबीतल्या तरुण उद्योजकांसोबत

मी नैरोबीत आले ती एका मोठ्या कंपनीची धुण्याची पावडर खपवायला. मराठवाड्यातल्या आठवडी बाजारांत छोट्या पुड्या कशा खपतात ते शिकून आले होते, आणि ते शिक्षण इथे लगेच कामी आलं. इथल्या वस्त्यांतही रोजच्या कमाईतून रोजचा किराणा येतो. कोपऱ्यावरच्या डुकात, म्हणजे छोट्या दुकानात, ग्लासभर तेल मिळतं, एका धुण्यापुरती पावडर मिळते. अशा मालाला इथे कडोगो म्हणतात.

2007 मध्ये सफारीकॉम या फोन कंपनीने एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवायची सेवा सुरू केली. कधी बँकेची पायरी न चढलेली भाजीवाली मामा म्बोगा फोनवर पैसे घ्यायला लागली, आणि विशी-बाविशीतली मुलंमुली त्या जोरावर धंदे काढायला लागली. कल्पना होत्या, कष्टाची तयारी होती. भाव कसा लावायचा, लेबलवर काय लिहायचं, उधारी कुठे थांबवायची हे सांगणारं मात्र कुणी नव्हतं. सल्लागारांची फी या मुलांच्या सगळ्या भांडवलापेक्षा जास्त असायची. हे मला खटकत राहिलं. शेवटी नोकरी सोडून ही सल्लागार फर्म काढली. मोठ्या ग्राहकांच्या कामावर आमचा खर्च भागतो. तरुणांची फी विक्री सुरू झाल्यावर, हप्त्याहप्त्याने.

2019 मध्ये केनियाच्या मानक ब्युरोने अफ्लाटॉक्सिन जास्त आढळलं म्हणून पीनट बटरच्या काही ब्रँडवर बंदी आणली. शेंगदाणा नीट वाळला नाही की बुरशी धरते, तिचं हे विष. ज्यांचा माल चोख होता त्यांचंही गिऱ्हाईक तुटलं. पश्चिम केनियातल्या होमा बे गावाकडची एक मुलगी तेव्हा आमच्याकडे आली; तिला नवं, रंगीत लेबल हवं होतं. आम्ही आधी तिच्या शेंगांची वाळवण पाहिली, माल तपासून घेतला आणि प्रत्येक बरणीवर तपासणीची तारीख छापली. मग हिशेब मांडला. शेंगदाणे आणि बरण्या तिने धरल्या होत्या. बोडा-बोडाचं (भाड्याच्या मोटरसायकलचं) भाडं, फुटतूट आणि स्वतःची मजुरी धरलीच नव्हती. भाव वाढवला, सोबत छोटी बरणी काढली. सुपरमार्केटला माल देणं पुढे ढकलायला लावलं, कारण तिथले पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात आणि तोवर पुढच्या शेंगा घ्यायला हातात काही उरत नाही. आधी डुका आणि शाळा. धंदा तगला.

टोनी एलुमेलू फाउंडेशन 2015 पासून आफ्रिकेतल्या तरुणांना 5,000 डॉलरचं बीजभांडवल आणि प्रशिक्षण देतं. त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. पण भांडवल संपतं तेव्हा बांधलेलं गिऱ्हाईकच उपयोगी पडतं, आणि आमची मेहनत तिथे असते.

बाहेरून येणारे जाहिरातवाले अख्ख्या आफ्रिकेला एकच बाजार समजतात, याची मला चीड येते. नायजेरियातल्या लागोसची भाव करण्याची रीत नैरोबीत चालत नाही, नैरोबीच्या तरुणांची ‘शेंग’ नावाची स्वाहिली-इंग्रजी मिश्र बोली पश्चिमेकडच्या किसुमू शहराच्या बाजारात पुरत नाही. म्हणून किसुमूचं काम तिथलेच लुओ बोलणारे सहकारी बघतात, आणि निर्णयही तेच घेतात.

सध्या आम्ही बुसियाच्या सीमेवरून युगांडात माल कसा न्यायचा ते शिकवतो आहोत. पूर्व आफ्रिकन समुदायात (केनिया, युगांडा आणि शेजारच्या देशांच्या गटात) तयार झालेल्या, 2,000 डॉलरपर्यंतच्या ठरावीक मालासाठी सीमेवरच साधं मूळ-प्रमाणपत्र मिळतं आणि आयात शुल्क लागत नाही. पुष्कळ मुलांना हे ठाऊकच नसतं. दलालाला पैसे देऊन मोकळी होतात. पहिली तुकडी कागदपत्रं स्वतः भरून पलीकडे गेली, आता दुसरीची तयारी चालू आहे.