आमची वाटचाल : दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे म्हणणे

गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करायचे ठरवून आम्ही तिघांनी कोल्हापुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. फॅट (दुधातले स्निग्धांश), एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दरपत्रक, दहा दिवसांचे बिल, पशुखाद्याची कपात हा सगळा हिशेब आम्हाला तोंडपाठ होता. तरी पहिल्याच संस्थेत हात पोळले. बैठकीत चेअरमन बोलले, सचिवांनी मान डोलावली, आम्ही लिहून घेतले. ‘एकदा केलेली नोंद कुणालाही बदलता येता कामा नये,’ हे आम्हाला पटलेही. दोन महिन्यांनी गेलो तर संकलनावरचा मुलगा संगणकाशेजारी वही उघडून बसलेला. सकाळच्या घाईत फॅटच्या ६.२ चे २.६ व्हायचे आणि दुरुस्तीला वाटच नव्हती. बैठकीच्या दिवशी तो दाराशी उभा होता. त्याला आम्ही काहीच विचारले नव्हते, याचे आजही वाईट वाटते.

त्यानंतर बॅरी बोएम या अमेरिकी अभ्यासकाचे काम वाचनात आले. प्रकल्पाशी संबंध असलेल्या प्रत्येकाच्या पदरात काही पडले पाहिजे, हा विचार त्यांनी १९८९ मध्ये ‘थिअरी डब्ल्यू’ म्हणून मांडला. पुढे त्यातूनच ‘ईझी विन-विन’ ही पद्धत निघाली आणि तिला ग्रुपसिस्टिम्स या सामूहिक बैठकीच्या साधनाची जोड मिळाली. सगळ्यांनी एकाच वेळी, नाव न दाखवता टाइप करायचे. मग गरज, अडचण, पर्याय, सहमती अशी एकेक पायरी चढायची.

आम्ही हे साध्या गूगल फॉर्मवर बसवले. ईमेल मागायचा नाही, उत्तरे एका शीटमध्ये, शीट भिंतीवर. टाइप करता येत नसेल त्याने फोनवर बोलून मजकूर भरायचा. व्हॉट्सॲपचा पोल वापरत नाही, कारण कुणी काय मत दिले ते तिथे सगळ्यांना दिसते.

पुढच्या संस्थेत अकरा जणांना बसवले. दूध घालणाऱ्या दोन बायकाही होत्या. वीस मिनिटांत भिंत भरली आणि ‘चुकलेली नोंद सुधारता यावी’ ही ओळ वेगवेगळ्या शब्दांत चारदा आली. चेअरमन गप्प झाले. त्यांची भीतीही खोटी नव्हती, मागाहून कुणी नोंदीतली फॅट वाढवली तर संस्थाच बुडते. ती ‘अडचण’ म्हणून तशीच लिहिली आणि तिच्याखाली तीन पर्याय मांडले. शेवटी ठरले, त्या वेळचे संकलन बंद होईपर्यंत दुरुस्ती करता येईल, जुना आकडा पुसला जाणार नाही आणि उत्पादकाला लगेच मेसेज जाईल. हा तिसरा मुद्दा त्या बायकांपैकी एकीने सुचवला. आम्हाला तो सात जन्मांत सुचला नसता!

आता सहमतीचा रकाना भरल्याशिवाय आम्ही कोटेशन देत नाही. पहिल्या संस्थेतली दुरुस्ती पैसे न घेता करून दिली. सध्या एके ठिकाणी दर मागच्या तारखेपासून लागू झाला तर फरक याच बिलात द्यायचा की पुढच्या, यावर अडले आहे. दोन बैठका झाल्या, तिसरी गुरुवारी संध्याकाळच्या संकलनानंतर आहे.