तुम्ही विचारलंत म्हणून: आमवाताची गोळी रोज घेतली तर किडनी जाते का?

प्रश्न बहुतेक वेळा मुलगी नाहीतर सून विचारते. जिला दुखतंय ती बाजूला गप्प बसलेली असते. "आईंना डॉक्टरांनी आमवातासाठी सुजेची गोळी दिलीय, दिवसातून दोनदा, जेवणानंतर. पण रोज घेतली की किडनी जाते म्हणतात. मग अगदीच सहन होईना तेव्हाच घेतली तर चालेल ना?"

भीती खरी आहे, तिला हसण्यासारखं काही नाही. पण "सहन होईना तेव्हाच" हा त्यावरचा उपाय मला पटत नाही. त्याने होतं असं: दोन दिवस बाई कळ काढते, तिसऱ्या दिवशी पहाटे चारला बोटं मिटता येईनात म्हणून उठते, रिकाम्या पोटी एक गोळी घेते, तासाभरात उतार नाही म्हणून दुसरी घेते, आणि सकाळी शेजारच्या मावशींनी दिलेली तिसरी. महिन्याच्या गोळ्या मोजल्या तर कमी भरतील, पण शरीराला त्या एका सकाळी बसलेला मार रोजच्या नेमलेल्या डोसपेक्षा मोठा असतो. शिवाय दुखणं तासा-दोन तासांत कमी होतं, तरी सांध्याची सूज उतरायला गोळी नेमाने एक-दोन आठवडे पोटात जावी लागते. अधूनमधून घेतली तर सूज आहे तिथेच राहते.

डॉक्टरांनी स्वतःच "लागेल तशी घ्या" असं चिठ्ठीवर लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. मूळ आजार आटोक्यात आला की तसंच लिहितात. तेव्हाही दिवसाची कमाल किती, हे विचारून घ्या.

आता किडनीचं. नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब, आयबुप्रोफेन ही सगळी एका कुळातली औषधं. प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं शरीरात तयार होतात, ती ही औषधं अडवतात. ॲस्पिरिन असंच काम करतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. अडचण अशी की सांध्यात सूज आणणारी ही रसायनं पोटाचं अस्तरही राखतात, आणि शरीरात पाणी कमी पडलं की किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवतात. पोटभर पाणी पिणाऱ्या, धडधाकट माणसाच्या किडनीला त्यांची फारशी गरज लागत नाही. पाणी आटलं की ती त्यांच्याच आधारावर चालते, आणि नेमका तेव्हा गोळी तो आधार काढून घेते.

म्हणून "रोज घेऊ का" याच्याआधी "कोणत्या दिवशी घ्यायची नाही" हे विचारायला हवं. जुलाब किंवा उलट्या सुरू असतील तो दिवस. ताप भरून काही खाणंपिणं जात नसेल तो दिवस. मे महिन्यात शेतात किंवा लग्नाच्या धावपळीत घामाने भिजून निघाल्यावर लघवी गडद पिवळी, थोडीशीच होतेय, तो दिवस. वारीला जाणाऱ्यांनी तर हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं. आळंदी ते पंढरपूर रोज चालायचं, गुडघे ठणकतात म्हणून गोळी वाढवायची आणि आडोसा मिळत नाही म्हणून बायकांनी पाणी कमी प्यायचं, हे तिन्ही एकत्र येतं.

आणि उपवास. एकादशी किंवा नवरात्राच्या उपवासाला गोळी बंद करायची गरज नसते, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, दूध-केळं हे पोटाच्या दृष्टीने खाणंच आहे. त्यानंतर गोळी घ्या, पाणी नेहमीसारखं प्या. पण हरतालिकेचा निर्जळी उपवास धरणार असाल तर त्या दिवशी ही गोळी अजिबात नको. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर घेतलेली शेवटची, पुढची दुसऱ्या दिवशी उपवास सोडून, दोन-तीन पेले पाणी पोटात गेल्यावर. एका दिवसाने काही बिघडत नाही. राहिलेला डोस भरून काढायला पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

ब्लडप्रेशरच्या गोळीचं नाव नीट वाचा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांतलं काही चालू असेल तर किडनीतल्या दाबाचं गणित आधीच बदललेलं असतं. त्यात लघवी जास्त होण्याची गोळी असेल तर शरीरातलं पाणी कमी होतं. या दोन्हींवर सुजेची गोळी आली की तिघी मिळून किडनीला कोंडीत धरतात. बऱ्याच घरांत वाटतं, आईला प्रेशरची एकच गोळी आहे. पण टेल्मिसार्टनच्या नावापुढे एच हे अक्षर असेल तर त्या एकाच गोळीत लघवीचं औषधही आहे. सुजेची गोळी देणाऱ्या डॉक्टरांना ती स्ट्रिपच दाखवा, "बीपीची गोळी घेते" एवढंच सांगू नका. आणि प्रेशरची गोळी मनाने बंदही करू नका.

गिधाडांचंही कोणीतरी विचारतंच. हो, डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन देशातली गिधाडं किडनी निकामी होऊन मेली, म्हणूनच २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पण गिधाडाच्या शरीराला ते औषध बाहेर टाकणं जमत नाही, माणसाच्या शरीराला जमतं. त्यातून "ही किडनीला जपून घ्यायची गोळी आहे" एवढं लक्षात राहिलं तरी चालेल, "ही विष आहे" असं मात्र नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठा धोका घरातल्या गोळ्यांच्या डब्यात असतो. तो एकदा जेवणाच्या टेबलावर उपडा करा आणि प्रत्येक स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा, मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव नव्हे. झेरोडॉल-पी म्हणजे १०० मिलिग्रॅम ॲसिक्लोफेनॅक आणि ३२५ पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाम म्हणजे ४०० आयबुप्रोफेन आणि ३२५ पॅरासिटामॉल. व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. पाळीच्या दुखण्यासाठी मुलगी घेते त्या मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड आहे, तेही याच कुळातलं. डॉक्टरांनी नॅप्रोक्सेन दिलं असेल तर यातली एकही वर चढवायची नाही. दोन घेतल्याने उतार दुप्पट पडत नाही, अल्सरचा आणि किडनीचा धोका मात्र वाढतो. गोळी दोन-तीन आठवडे नीट घेऊनही उपयोग नसेल तर ती बदलायची असते, तिच्यात भर घालायची नसते.

मधेच जास्त दुखलं तर नुसतं पॅरासिटामॉल चालतं, ५०० किंवा ६५०. पण मिश्र गोळ्यांतलं पॅरासिटामॉलही मोजा, आणि दिवसाची बेरीज तीन ग्रॅमच्या आत ठेवा. लिव्हरचा त्रास असेल किंवा मेथोट्रेक्सेट (आमवाताचं मूळ औषध) चालू असेल तर डॉक्टर याहून कमी सांगतील.

बाजारात मिळणाऱ्या "सांधेदुखीच्या पुड्या", ज्यांवर घटकांची यादी नाही, त्या घेऊच नका. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेलं सापडलेलं आहे. म्हणूनच त्या इतक्या झटकन लागू पडतात.

आता पोट. गोळी "जेवणानंतर" म्हणजे चहा-बिस्किटानंतर नव्हे. पोळी-भाजी, निदान एखादी भाकरी किंवा वाटीभर उपमा पोटात गेल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची. एका घोटात कोरडी गिळून लगेच आडवं झालं तर गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथेच जखम करते. अर्धा तास तरी बसून राहा. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं आखडलेली राहत असतील तर संध्याकाळचा डोस रात्रीच्या जेवणावर सरकवता येईल का ते विचारा. पहाटेपर्यंत असर टिकतो आणि नळ पिळणं, कणीक मळणं थोडं लवकर जमायला लागतं.

वय पासष्टच्या पुढे असेल, पूर्वी अल्सर झाला असेल, सोबत प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पोट राखायला पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल लागतंच. ते सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायचं, जळजळ होवो न होवो. जेवणानंतर घोटभर घेतलेलं गुलाबी अँटासिड जळजळ शांत करतं, अल्सर थांबवत नाही. वर खास (एंटेरिक) आवरण असलेली गोळी आतड्यात जाऊन विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते. ती फोडू नका, कुटू नका, अँटासिडबरोबर तर घेऊच नका, आवरण पोटातच उतरतं. आणि "पोटाला त्रास नको म्हणून इंजेक्शनच द्या" हा आग्रह सोडा. औषध रक्तातून फिरून पोटाच्या अस्तराचं संरक्षण काढतं, मग ते कुठूनही आत गेलेलं असो.

यातला दगा असा की अल्सर दुखतोच असं नाही, कारण पोटात वेदनाशामकच आहे. म्हणून शौचाकडे बघायची सवय लावा. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच झाली तर गोळी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते. शंका आली तर तपासून घ्या. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तर थेट हॉस्पिटल. हिमोग्लोबिन हळूहळू उतरत असेल तर "बायकांचं कमीच असतं" म्हणून सोडून देऊ नका.

हृदयाचं थोडक्यात. या कुळातलंच रोफेकॉक्सिब २००४ मध्ये हार्ट ॲटॅकच्या धोक्यामुळे जगभरातून मागे घेतलं गेलं, आणि तेव्हापासून बाकीच्यांकडेही त्याच नजरेने बघतात. हार्ट ॲटॅक, बायपास किंवा हृदय कमजोर असल्याचं निदान झालेलं असेल तर ते आधी सांगा. एटोरिकॉक्सिब प्रेशर १४०/९० च्या आत नसेल तर सुरू करत नाहीत. पाय सुजले, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, जिना चढताना नवीनच धाप लागली तर फोन करा. हृदयासाठीची ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन स्वतःहून थांबवू नका, पण ती चालू आहे हे सांगा, कारण आयबुप्रोफेन आधी पोटात गेलं तर ॲस्पिरिनचं काम अडतं. गोळीने कधी दमा उसळला असेल, तर हे कुळच नको.

पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत सुजेची गोळी थांबवा, फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत प्लेटलेट आधीच उतरलेल्या असतात, त्यात या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आमवात तरुण मुलींनाही होतो. दिवस राहावेत असं ठरवत असाल तर आधीच सांगा, आणि राहिल्यावर विसाव्या आठवड्यानंतर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाळाच्या किडनीवर आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम होतो.

एक गोष्ट मात्र घरोघरी निसटते. सुजेची गोळी आमवात थांबवत नाही. ती दुखणं आणि सूज दाबते, हाड आतून झिजायचं ते झिजतच राहतं. ते थांबवतं मेथोट्रेक्सेट, सल्फासालाझिन किंवा त्या रांगेतलं औषध. मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवरचा पूल म्हणून सुजेची गोळी असते. तीन महिन्यांनंतरही ती रोज दोनदा लागत असेल तर "किडनी जाईल का" याच्याआधी "मूळ औषध पुरतंय का" हे विचारा.

सुजलेल्या बोटांनी स्ट्रिपमधून गोळी ढकलता येत नाही, म्हणून लेकी आठवड्याच्या गोळ्या डबीत काढून ठेवतात. काळजी चांगली आहे. पण मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजच्या कप्प्यांत ते गेलं तर रक्त तयार करणारी अस्थिमज्जा बंद पडते आणि जीवावर बेततं. ते वेगळ्या डबीत, वर वार लिहून, दुसऱ्या खणात ठेवा.

आणि तपासण्या. गोळी सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), एसजीपीटी (लिव्हरची तपासणी), प्रेशर. धोका जास्त असेल तर दोन आठवड्यांत पुन्हा, नाहीतर तीन महिन्यांनी. रिपोर्टवर क्रिएटिनिनपुढे "नॉर्मल" दिसलं म्हणून फाइल मिटू नका. आईंचं जानेवारीत ०.७ होतं आणि एप्रिलमध्ये १.१ आलं, तर दोन्ही आकडे छापील मर्यादेत बसतात आणि आकडा दीडपटीच्या वर गेलेला असतो. पहिला रिपोर्ट जपून ठेवा, आणि दर वेळी नवा त्याच्याशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा.