बुटक्या छताखाली रबराचा पीळ: माझा अनुभव

रबराच्या पिळावर उडणारं छोटं विमान मी आमच्या गावच्या समाजभवनात उडवतो, आणि तिथलं छत जेमतेम साडेचार मीटर. वर टिनाचे पत्रे, लोखंडी कैच्या, पंख्यांच्या दांड्या. एफएआय ही हवाई खेळांची जागतिक संघटना, तिच्या वर्गवारीत ८ मीटरच्या आतलं छत सगळ्यात खालच्या श्रेणीत येतं. आमचं तर त्याच्याही निम्म्याला टेकलेलं. बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान बांधणं, डावीकडे घिरट्या घ्यायला लावणं, हे सगळं बिनबोभाट जमलं. अडलं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात. हातातून सुटलं की विमान थेट कैचीला भिडायचं.

यावर जो तो एकच सांगतो, पीळ कमी द्या. या अर्धवट सल्ल्यापायी अख्खा उन्हाळा गेला, त्याची चीड अजून आहे. पीळ कमी दिला की विमान छताला लागत नाही हे खरं, पण लगेच खालीही येतं.

खरी गोष्ट अशी. रबर पूर्ण पिळलं की शेवटच्या पिळांत जोर एकदम चढतो. उलट सोडायला लागलं की तो जोर त्याहूनही झपाट्यानं उतरतो आणि पुढे बराच वेळ जवळजवळ सपाट राहतो. आपल्याला हवा तो हा सपाट भाग. म्हणून आधी पूर्ण पिळायचं, मग वाइंडर, म्हणजे पीळ द्यायचं हातयंत्र, उलटा फिरवून वरचा जोर काढून टाकायचा.

माझं माप सांगतो: १.६ मिमी रुंद पट्टी, ३० सेंमीचं वेटोळं, वजन साधारण १ ग्रॅम. त्याच गुंडाळीतलं एक वेटोळं मुद्दाम तुटेपर्यंत पिळलं, ते ९०० च्या आसपास तुटलं. म्हणून हद्द ८००, म्हणजे एका फेरीत दहा पीळ देणाऱ्या वाइंडरच्या ८० फेऱ्या. रबर आधी सव्वा मीटरपर्यंत ताणायचं, निम्मा पीळ तिथेच उभं राहून द्यायचा, उरलेला हळूहळू जवळ येत.

पिळाचा जोर मोजणारा टॉर्क मीटर नसेल तर हे सगळं अंदाजपंचे होतं. ०.४ मिमीची पोलादी तार, १५ सेंमी लांब, एका टोकाला काटा, मागे कोनमापक, घरी होतो. माझ्याकडे ८०० पिळांवर काटा १०० अंशांजवळ जातो. १२० पीळ काढले की ५० वर येतो आणि ६८० पीळ शिल्लक राहतात. सरळ पिळत जाऊन ५० वर थांबलं तर हातात साडेपाचशेच.

काढूनही विमान कैचीला लागलं तर एकदम शंभर काढू नका, वीस-वीस काढा. जोर उतरल्यावरही ते चढतच राहिलं तर पट्टी जाड आहे; त्याऐवजी १.४ मिमीची, थोडी लांब घ्या. सुरुवातीपासूनच बसत गेलं तर पट्टी बारीक आहे.

गाठ मात्र तेल लावण्याआधी मारायची, थुंकीनं ओली करून आवळायची. तेल सिलिकॉनचं, नसेल तर एरंडेल चालतं. जवसाचं नको, ते वाळून चिकटतं. मशीनच्या तेलानं रबर फुगतं.

आणि वेळ सकाळी सहा ते आठ, कूलर-पंखे बंद ठेवून. त्यानंतर पत्रे तापतात, हवा हलायला लागते आणि आदल्या दिवशीचे आकडे जुळत नाहीत. रबर हवाबंद डब्यात, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, अंधारात ठेवा. तांब्याच्या तारेला किंवा हुकाला ते लागू देऊ नका, तांब्यानं रबर लवकर कुजतं.