म्हाताऱ्या रॉकवाल्यांनी आता बास करावं काय? विचारलंत म्हणून सांगतो

माझं साउंड भाड्यानं द्यायचं काम आहे म्हणून असेल, नाहीतर कॉलेजात असताना बेस गिटार वाजवायचो हे बेळगावच्या टिळकवाडीतल्या पोराटोरांना माहीत आहे म्हणून असेल, खरं हा एक प्रश्न मला सारखा येतो. मामा, हे पंचाहत्तर-ऐंशी वर्षांचे रॉकवाले अजून स्टेजवर काय करतात, यांनी आता गप घरात बसायला नको काय? कोण मोबाईलवर व्हिडिओ दाखवून विचारतो, कोण तिकिटाचा रेट बघून चिडून विचारतो, आणि गिटार शिकणाऱ्या एका पोराच्या आईनं तर विचारलं होतं की त्यांना घरात कोण काय म्हणत नाही काय हो. दर वेळेला मी केबल गुंडाळता गुंडाळता अर्धवट काहीतरी बोलतो आणि ते तिथंच राहतं. म्हणून आता बसून लिहितोय.

मी वय बघतच नाही. पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, खाली घेतली काय, तेवढं बघतो.

आपल्याकडं गावात भजनाला बसलात तर लगेच कळेल मी काय म्हणतोय. जे बुवा तरुणपणी काळी चारमध्ये गायचे ते आता काळी दोनला आले, कधी त्याच्याही खाली. पेटीवाला काही न बोलता बोटं सरकवतो, पखवाजवाला त्या पट्टीचा दुसरा पखवाज काढतो, झालं. बुवांनी आता थांबावं असं म्हणणारा मला तरी अजून कोण भेटला नाही. उलट त्यांनी अभंग धरला की पुढची पोरं गप होतात, कारण कुठं श्वास घ्यायचा, कुठला शब्द सोडून द्यायचा हे त्यांना ठाऊक असतं.

रॉकमध्ये हे इतकं सोपं नाही, आणि भानगड तिथंच सुरू होते. एक म्हणजे लोकांच्या डोक्यात ती रेकॉर्ड बसलेली असते, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची, त्याच सुरातली. दुसरं म्हणजे गिटार. कीबोर्डवाल्याला पट्टी बदलायचं ट्रान्सपोजचं बटण दाबलं की सुटका, गिटारवाल्याचं तसं नाही, कारण रॉकमधल्या निम्म्या रिफ, म्हणजे गिटारचे परत परत येणारे तुकडे, मोकळ्या तारांवर बसवलेल्या असतात आणि कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून पट्टी वर नेता येते, खाली आणता येत नाही. मग सगळ्या तारा अर्धा सूर, एक सूर उतरवायच्या. तारा उतरवल्या की ढिल्या पडतात, बेसची जाड तार तर मानेवरच्या धातूच्या फ्रेटवर खडखडायला लागते, मग आणखी जाड तारांचा सेट आणा, गिटारच्या मानेचं आणि ब्रिजचं सेटिंग परत करा, आणि एवढं करून गाणं जरा जड, जरा काळपट ऐकू येतं. मला तो काळपटपणा आवडतो. खरं हा सगळा खटाटोप कोण करतो? ज्यानं आपला गळा आता पहिल्यासारखा राहिला नाही हे मान्य केलंय तोच. पुष्कळ जुन्या बँडनी हे केलंय आणि ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना पत्तापण लागलेला नाही.

दुसरा रस्ता म्हणजे ट्रॅक, आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज. ड्रमरच्या कानात लय धरायला क्लिक, लॅपटॉपवरून तरुणपणीचा कोरस, वरच्या सुराची ओळ आली की गायकानं माईक जरा तोंडाजवळ धरायचा. हे फक्त परदेशात चालतं असं समजू नका, आपल्या लग्नाच्या ऑर्केस्ट्रात पण चालतं, मी मिक्सर डेस्कच्या मागं बसतो त्यामुळं मला फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणांवर, दिसतं की कुठला आवाज गळ्यातून येतोय आणि कुठला पेन ड्राइव्हमधून. त्याला माझा विरोध आहे, मग गायक सत्तरचा असू दे नाहीतर बावीसचा.

आता पोरं म्हणतात, मामा, तुमचं भजन, तुमचं शास्त्रीय हे बसून गायचं काम, रॉक म्हणजे उड्या. हा घोळ माझ्या मते रोलिंग स्टोन्स ह्या ब्रिटिश बँडचा गायक मिक जॅगरनं करून ठेवलाय. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स बेंगळुरूला पॅलेस ग्राउंडवर आले होते. तेव्हा तो एकोणसाठ वर्षांचा होता आणि तेव्हाही आमच्यात म्हणणारे होतेच की म्हातारं झालं, आता हे शेवटचं. २०१९ ला त्याच्या हृदयाच्या झडपेवर उपचार झाले, टूर पुढं ढकलली, आणि त्याच उन्हाळ्यात गडी शिकागोत परत स्टेजवर पळत होता. २०२१ मध्ये त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स ऐंशीव्या वर्षी गेला तरी बँड थांबला नाही. २०२४ च्या अमेरिकेतल्या टूरला स्पॉन्सर कोण, तर तिथली पन्नाशीच्या पुढच्या लोकांची संघटना! मला लई हसू आलं होतं ते वाचून. तर हा माणूस अपवाद आहे, त्याचं शरीर वेगळंच आहे, आणि त्याच्याकडं बघून आपण बाकी सगळ्यांना मोजतो. हा पळतोय तर तो का बसलाय? अरे बसू दे की.

रॉक ज्या ब्लूजमधून, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यातून, आलं तिथं म्हाताऱ्यानं खुर्चीत बसून वाजवायची कुणाला लाज नव्हती. ब्लूजचा मोठा गिटारवाला बी. बी. किंग कितीतरी वर्षं खुर्चीत बसूनच वाजवायचा.

ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ऑझी ऑसबर्नचं घ्या. ५ जुलै २०२५, बर्मिंगहॅमचं व्हिला पार्क मैदान, ज्या ॲस्टन भागात तो वाढला तिथलंच. पार्किन्सनमुळं उभं राहता येत नव्हतं. एक मोठं काळं सिंहासन केलेलं, त्यात बसून तो स्टेजवर आला आणि बसूनच गायला. मी व्हिडिओ हेडफोन लावून ऐकलाय, काही ठिकाणी सूर हलतो, काही ठिकाणी सुटतो, आणि त्या सगळ्यात तो उठायचा प्रयत्न करतोय असं खांद्यावरून कळतं. खाली मोठमोठे बाप्ये रडतायत. ह्या माणसानं घरी बसायला पाहिजे होतं असं मला कोणी सांगू नका. पैसे धर्मादाय कामाला होते आणि सतरा दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला.

त्याच कार्यक्रमात एरोस्मिथ बँडचा गायक स्टीव्हन टायलर पण गायला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या गळ्याला जबर दुखापत झाली होती, आणि २०२४ मध्ये बँडनं सरळ सांगून टाकलं की आता टूर नाही. आणि तरी एका संध्याकाळी येऊन तो गायला! टूर म्हणजे एक दिवसाआड नवीन गाव, विमान, हॉटेल, साउंडचेक आणि रोज रात्री तीच वरची ओळ. एक कार्यक्रम म्हणजे एक कार्यक्रम. पोरं ह्या दोन्हीचा एकच हिशोब करतात. टूर बंद करणं वेगळं आणि गाणं बंद करणं वेगळं हे त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे.

जेनेसिस बँडचा ड्रमर आणि गायक फिल कॉलिन्सचं तर अजूनच वेगळं. मानेच्या मणक्याच्या दुखण्यात हाताच्या नसा गेल्या, ड्रमची काठी धरता येईना. जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम मार्च २०२२ मध्ये लंडनला झाला, त्यात हा समोर खुर्चीत बसून गातोय आणि मागं ड्रमवर त्याचा पोरगा निक. आपल्याकडं हे बघून कुणाला नवल वाटायचं कारण नाही, बापाचा पखवाज पोराच्या हातात गेलेला आपण घरोघरी बघतो.

आणि पट्टी खाली घेण्याबद्दल ह्या मुलखातल्या माणसांना मी काय शिकवावं. हुबळीच्या गंगूबाई हनगल, गळ्याच्या उपचारानंतर आवाज पार भारदस्त झाला, बाईचा की बाप्याचा कळू नये इतका, आणि लोकांनी तोच आवाज डोक्यावर घेतला, नव्वदी ओलांडल्यावरही त्या गायल्या. आणि कुमार गंधर्व तर आपल्या सुळेभावीत जन्मलेले, १९२४ चे. क्षयानं एक फुप्फुस गेलं, काही वर्षं गाणं बंद, आणि परत आले ते आखूड आखूड तुकड्यांची, मध्येच फेकलेल्या सुरांची वेगळीच गायकी घेऊन. तिथं प्रश्न वयाचा नव्हता, ते तर ऐन तरुण होते. दम जेवढा उरला तेवढ्यात बसेल असं गाणं त्यांनी घडवलं.

अमेरिकेचा गायक आणि गीतकार बॉब डिलनकडं मी असाच बघतो. १९४१ चा माणूस, १९८८ पासून जवळजवळ सलग फिरतोय, मधे साहित्याचं नोबेलपण घेऊन झालं. आता बहुतेक वेळ पियानोमागं असतो आणि स्वतःचीच गाणी एवढी बदलून म्हणतो की अर्धं कडवं झाल्यावर लोकांना कळतं हे कुठलं. लोक चिडतात, पैसे वाया गेले म्हणतात. मी म्हणतो ज्याला रेकॉर्ड पाहिजे त्यानं रेकॉर्ड ऐकावी की, ती कुठं पळून गेलीय.

पैशाचं राहिलंच. पैशासाठी करतात हो हे, असं नाक मुरडून म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी लेनर्ड कोहेनचं सांगतो. हा कॅनडाचा कवी आणि गायक, मुंबईला येऊन रमेश बाळसेकरांकडं अद्वैत ऐकत बसायचा. ह्याचे आयुष्यभराचे पैसे मॅनेजरनं उडवले. २००८ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, मुख्यतः पैसा उभा करायला म्हणून तो परत टूरवर निघाला. आवाज तोपर्यंत खोल विहिरीत उतरलेला. खरं ज्यांनी ते कार्यक्रम ऐकले ते म्हणतात की आयुष्यातलं त्याचं सगळ्यात चांगलं काम तेच. वादक सोलो वाजवत असला की डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरून उभा राहायचा, मधूनच गुडघ्यावर बसायचा आणि परत उठायचा, त्या वयात. पैशासाठी केलं म्हणून ते हलकं झालं काय? आणि एक गोष्ट आमच्या धंद्यातल्याच माणसाला सुचेल, म्हातारा टूरवर निघाला की लायटिंगवाले, रिगिंगवाले, ट्रकवाले सगळ्यांच्या घरी चूल पेटते. कोरोनात दोन वर्षं कार्यक्रम बंद होते तेव्हा माझ्याकडची लोडिंगची पोरं मार्केट यार्डात भाजी उचलत होती, त्यामुळं पैसा हा शब्द मला तरी घाण वाटत नाही.

मग थांबायचं कधीच नाही काय? थांबायचं की. आयर्न मेडन ह्या ब्रिटिश बँडचा ड्रमर निको मॅकब्रेन बघा. मार्च २००७ ला पॅलेस ग्राउंडवर आम्ही गर्दीत चेंगरून त्याला ऐकलं होतं, राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं गेलो होतो सगळे. जानेवारी २०२३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू. काही महिन्यांत परत ड्रमवर बसला, काही जलद तुकडे आता हाताला जमत नाहीत हे स्वतःच सांगितलं, जमेल तसं दीड वर्ष वाजवलं आणि डिसेंबर २०२४ ला ब्राझीलमध्ये टूरमधून बाहेर पडला. गायक पट्टी खाली घेऊ शकतो, ड्रमर कुठली पट्टी खाली घेणार, लय हळू केली तर सगळा बँड हळू होतो. म्हणून ड्रमरचा प्रश्न आधी येतो आणि त्याच्यावर कोण लिहीत नाही.

कानाचं पण तसंच. एसी-डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये अर्ध्या टूरमधून बाहेर पडावं लागलं, आणखी कार्यक्रम केलेत तर पूर्ण बहिरे व्हाल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढं कानासाठी खास उपकरण मिळालं आणि २०२३ ला तो परत आला. माझ्या स्वतःच्या डाव्या कानात रात्री बारीक शिट्टी वाजते, वर्षानुवर्षं मॉनिटरच्या, म्हणजे स्टेजवरच्या स्पीकरच्या, बाजूला बसल्याचा परिणाम, त्यामुळं ही बातमी मी दोनदा वाचली होती. आणि आपल्याकडं गणपती विसर्जनाला डीजेच्या भिंतीसमोर जी पोरं नाचतात, त्यांना कुठलं उपकरण मिळणार आहे कुणास ठाऊक.

आता तिकिटाचं, कारण शेवटी प्रश्न तिथंच येतो. मुंबईला नाहीतर बेंगळुरूला कोण म्हातारा बँड येणार असेल तर बुकिंगच्या आधी कंपनीनं टाकलेले चकाचक व्हिडिओ बघू नका. त्याच टूरचे, गर्दीतल्या माणसानं मोबाईलवर घेतलेले हलते व्हिडिओ बघा. रेकॉर्ड शेजारी लावा. गाणं अर्धा-एक सूर खाली असेल, गायक एखादी ओळ लोकांकडून म्हणवून घेत असेल, मधे दम घ्यायला गप्पा मारत असेल तर बिनधास्त जा. सूर तंतोतंत रेकॉर्डचा आणि गायक घामाघूम, मान भलतीकडं तरी आवाज तसाच, असं असेल तर ते पैसे वाचवा आणि गिटारला नवीन तारा घ्या. आणि जाताना कानात घालायचे फोमचे प्लग न्या, मेडिकलमध्ये मिळतात. माझ्याकडंपण असतात, दुकानात आलात तर घेऊन जा, पैसे नकोत, खरं गणपतीच्या आधी या, नंतर एक शिल्लक राहत नाही.