चिंचेखालचं पिल्लू

फेब्रुवारीतल्या एका सकाळी उत्तर सोलापूर तालुक्यातल्या वस्तीवरून फोन आला. बांधावरच्या जुन्या चिंचेखाली घुबडाचं पिल्लू पडलंय, चमच्यानं दूध पाजलंय. दूध ऐकून काळजात धस्स झालं. घुबडाला दूध पचत नाही, शिवाय चोचीत ओतलेलं पातळ काहीही श्वासनलिकेत जाऊ शकतं. खोक्यात ठेवा, खोक्याला भोकं पाडा, अंधार करा, आता काही देऊ नका, एवढं सांगून निघालो.

पिल्लाच्या अंगावर पांढुरकी लव, तिच्यावर बारीक आडव्या रेषा, डोळे गडद तपकिरी. गव्हाणी घुबडाचा चेहरा बदामाच्या आकाराचा, शृंगी घुबडाचे डोळे नारिंगी. म्हणजे ही दोन्ही नव्हेत. वर पाल्यात खोडाला चिकटून बसलेलं मोठं घुबड दिसलं तेव्हा शंका उरली नाही. गोल डोकं, शिंगं नाहीत, चेहऱ्यावर एकात एक काळसर वर्तुळं, गळा पांढरा, पाठीवर तांबूस, काळी, पांढरी नक्षी. ठिपकेदार वनघुबड. नाव वनाचं, पण राहणं गावाच्या कडेच्या आंबा, चिंच, वडाच्या जुन्या झाडांत. बुंध्याशी त्यानं ओकलेल्या राखाडी गोळ्या होत्या; एक फोडली तर आत उंदराची अख्खी कवटी.

पिल्लाचे दोन्ही पंख सारखे उघडत होते, पायांची पकड घट्ट होती, नाकपुड्या कोरड्या. छातीचं हाड बोटाला टोचलं नाही, म्हणजे पोसलेलं होतं. असं पिल्लू उचलून शहरात आणणं ही सर्वांत मोठी चूक. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकत नाहीत.

ढोलीची फांदी पोकळ, तिच्यावर शिडी टेकवणं धोक्याचं. म्हणून वेताच्या टोपलीला तळाशी भोकं पाडली, वाळका पाला घातला आणि ढोलीखालच्या बेचक्यात सुतळीनं आवळून बांधली. पिल्लू मात्र दिवेलागणीच्या थोडं आधीच ठेवलं; दिवसा ठेवलं असतं तर कावळ्यांनी टोचलं असतं. मग सगळ्यांना लांब गोठ्यापाशी बसवलं.

अंधार पडल्यावर कापरा, लांबलेला आवाज आला : ‘चुहुआऽऽ’. आजींनी हात जोडले. "दगड मारू नगा रं. ते दगड घासत बसतंय, अन् दगड झिजंल तसा माणूस झिजतोय." या समजुतीनं किती घुबडं वाचली असतील! थोड्या वेळानं एक सावली पंखांचा जराही आवाज न करता टोपलीवर उतरली. पायात उंदीर होता.

निघताना मालकांशी ज्वारीतल्या ब्रोमाडिओलोन या उंदरांच्या विषाविषयी बोललो. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो आणि नेमका तोच घुबडाच्या हाती लागतो. मग घुबडाच्याही अंगात रक्तस्राव सुरू होतो. "मग ते पाकीट नाही फोडत," मालक म्हणाले. ढोलीची फांदी सरपणासाठी तोडायची होती, तीही त्यांनी राहू दिली.